वन्संचे आडवे शब्द

वन्संचं लग्न व्हायचं राहिलंच असतं, आणि तेही एका शब्दकोड्यापायी. कोडं घातलं होतं त्यांच्या सख्ख्या भावाने, म्हणजे आमच्या ह्यांनी. देव क्षमा करो, पण त्या आठवड्यात मी ह्यांना मनातल्या मनात जे काही म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही.

आधी ह्यांचं सांगते, म्हणजे वन्संचं नीट कळेल. हे चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. दिवसभर लोकांना स्पष्ट दिसावं म्हणून धडपडतात आणि घरी आले की ह्यांना समोरचं ताट दिसत नाही, कारण डोक्यात कोडं असतं. आमच्या भागात दर शुक्रवारी एक साप्ताहिक निघतं. त्याच्या शेवटच्या पानावर ह्यांचं शब्दकोडं असतं. आमचं लग्न झालं त्याच वर्षी ते सुरू झालं आणि तेव्हापासून त्याला दुसरा विषय माहीत नाही. लग्नाआधीचं प्रेम, आणि लग्नानंतरचं जे काय असतं ते.

'लग्नाआधी हातात हात, लग्नानंतर हातात ही, तीन अक्षरी.' पिशवी.

'प्रेमात पडलेल्याला दिसत नाही, लग्न झालेल्याला दिसून उपयोग नाही, दोन अक्षरी.' दोष.

'नवऱ्याने शोधला तर घरातच नसतो, बायकोने हात घातला की तिथेच असतो, तीन अक्षरी.' रुमाल.

लोकांची करमणूक होते. वाण्याच्या दुकानात बायका मला थांबवून विचारतात, "काय हो, ह्या आठवड्यातला रुमाल तुमच्याच घरातला ना?" आता नाही म्हणावं तर खोटं बोलल्याचं पाप, आणि हो म्हणावं तर घराची शोभा.

बरं, ह्यांची पद्धत अशी की प्रत्येक ओळ छापायला देण्याआधी माझ्यावर घासून बघायची. मी ओट्याशी उभी असते, हे टेबलाशी बसून वाचतात. मी ओळ संपायच्या आत उत्तर दिलं तर "फार सोपं झालं" म्हणून खोडतात. मला नाही आलं तर ओळ छापायला जाते. म्हणजे थट्टा माझ्या संसाराची, आणि वर परीक्षाही मीच द्यायची. एकदा विचारलं, "घरात नवऱ्याचा शेवटचा शब्द, दोन अक्षरी?" मला वाटलं 'नाही' असेल, कारण मी तरी तोच ऐकत आलेय. उत्तर निघालं 'बरं'. हा शब्द ह्यांच्या तोंडून मी ऐकला तो फक्त कोड्यातच.

आता वन्सं. वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. पन्नाशी ओलांडलेली, तेव्हा आमच्याच घरात मागच्या खोलीत राहायच्या. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा वन्संनी त्यांचं सगळं केलं, आणि ते संपेपर्यंत बघायला येणारी स्थळंही संपली. त्याचं त्यांनी कधी कुणाला ऐकवलं नाही. हॉस्पिटलच्या कपडेखान्यात त्या शिवणकाम करतात. तिथल्या चादरी मधोमध विरतात, कारण माणूस मधेच झोपतो. मग वन्सं चादर बरोबर मधून उभी फाडतात, कडेच्या धडधाकट बाजू आत आणतात, त्या जोडतात आणि विरलेला भाग कडेला टाकून दुमडतात. तीच चादर आणखी कितीतरी दिवस चालते. हे काम करताना त्यांच्या ओठांत टाचण्या असतात, त्यामुळे बोलणं मोजकं. टाचण्या नसतानाही मोजकंच. पण जे बोलतात ते टोचल्याशिवाय राहत नाही.

आणि त्या कोडं सोडवतात. दर शुक्रवारी, चहाबरोबर, पेन्सिलने. पण फक्त आडवे शब्द.

ह्यामागे कारण आहे. ही दोन भावंडं लहान असताना घरात पेपर एक आणि कोडं एक, त्यावरून मारामारी. सासऱ्यांनी शेवटी वाटणी करून दिली. उभे दादाचे, आडवे धाकटीचे, आणि जो दुसऱ्याच्या शब्दाला हात लावेल त्याला पेपर बंद. पुढे दादा मोठा झाला, स्वतःच कोडी घालायला लागला, सासरे गेले, पण वाटणी तशीच राहिली. वन्सं उभ्या शब्दांच्या यादीकडे ढुंकूनही बघत नाहीत. मला हे माहीत होतं, कारण शुक्रवारचा पेपर शनिवारी माझ्याच हाती येतो आणि मी तो फडताळाच्या फळ्यांवर अंथरते. ह्यांना माहीत नव्हतं. बहिणीने सोडवलेलं कोडं एकदा तरी उचलून बघावं, हे इतक्या वर्षांत ह्यांना सुचलं नाही.

आता लिफ्टवाले. हॉस्पिटलची लिफ्ट सांभाळणारे मिस्त्री, वन्संहून थोडे मोठे, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. अत्यंत भला माणूस आणि तितकाच मुखदुर्बळ. त्यांच्या कामाच्या डगल्याचा खिसा सारखा फाटायचा. आठवड्याला एकदा तरी ते कपडेखान्याच्या दारात डगला घेऊन उभे. वन्सं खिसा शिवायच्या, ते "उपकार झाले" म्हणायचे आणि जायचे. एवढंच. वन्सं घरी येऊन सांगायच्या, "आज परत खिसा आला होता." माणूस आला होता असं नव्हे, खिसा आला होता.

मी देवाला रोज सांगायचे, ह्या खिशाचं काहीतरी कर बाबा.

मग लिफ्टवाल्यांच्या कंपनीने त्यांना दुसऱ्या शहरात मोठ्या इमारतीवर जाल का म्हणून विचारलं. बुधवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं. त्यांना बारीक तारा दिसेनाशा झाल्या होत्या म्हणून ते चष्मा करायला ह्यांच्याच दुकानात आले, आणि नंबर काढता काढता त्यांच्या तोंडून निघालं, "तुमच्या बहिणीला… म्हणजे त्यांचं काय मत… म्हणजे मी इथे राहिलो तर."

कुणी शहाणा माणूस म्हणाला असता, जा आणि तिलाच विचारा. आमचे हे म्हणाले, "तुम्ही काही बोलू नका. मी कोड्यातून विचारतो. ती दर शुक्रवारी सोडवतेच."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा. आणि गंमत म्हणजे ह्या एकाच कोड्याच्या ओळी ह्यांनी माझ्यावर घासून बघितल्या नाहीत. घरात बातमी फुटू नये म्हणून. बघितल्या असत्या तर पुढचं सगळं टळलं असतं.

रविवारी दुपारी हे इस्त्रीचा शर्ट घालून "जरा फिरून येतो" म्हणाले. रविवारी दुपारी फिरणारा हा माणूस नव्हे. संध्याकाळी परत आले ते चेहरा असा करून, की मला वाटलं पाकीट मारलं.

"आली नाही," म्हणाले.

"कोण?"

मग सगळं बाहेर आलं. पेपर काढून दाखवला. उभे शब्द ओळीने वाचले.

'लिफ्ट चांगली असतानाही चौथ्या मजल्यावर तपासायला जातो, दोन अक्षरी.' मिस्त्री.

'फाटलेली चादर जोडते, दोन माणसं जोडेल का, दोन अक्षरी.' सुई.

'हॉस्पिटलसमोरच्या बागेत रविवारी चार वाजता रिकामा, दोघांना पुरेल, दोन अक्षरी.' बाक.

'घरात नवऱ्याचा शेवटचा शब्द, पण ह्या वेळी आधी तिने म्हणावा, दोन अक्षरी.' बरं.

"हॉस्पिटलात सगळ्यांनी सोडवलं," हे म्हणाले. "दोन नर्स आल्या होत्या, औषधवाला आला होता, गेटवरचा पहारेकरी सुट्टी असून आला. सगळे पेपर तोंडासमोर धरून बसले होते. त्या बाकावर मात्र लिफ्टवाल्यांशिवाय कुणी बसलं नाही. त्यांनी शेजारची जागा रुमालाने पुसून ठेवली होती. माळी पाणी घालायला लागला तेव्हा उठले. मला म्हणाले, कळलं उत्तर. बुधवारी कंपनीला हो म्हणतो."

मी कपाळावर हात मारला. "अहो, त्या उभे वाचतच नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे. उभे दादाचे ना? तुमच्याच वडिलांनी वाटून दिलेत."

"अगं, ते लहानपणी."

"त्यांनी सोडलंच नाही कधी."

"मग उभे कोण सोडवतं?"

"कुणीही नाही."

ह्यांना पटेना. मी फडताळातले डबे खाली काढले आणि फळीवरचे कागद ओढून समोर टाकले. एकामागून एक कोडं. आडव्या ओळी भरलेल्या, उभ्या शब्दांची उरलेली घरं कोरी. हे कितीतरी वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे माझं निम्मं कोडं घरात कुणी वाचलंच नाही."

बहिणीचं लग्न मोडायला आलंय आणि ह्यांना दुःख कशाचं, तर कोड्याचं. मी म्हटलं, "आत्ता मागच्या खोलीत जाते आणि वन्संना सांगते."

"नको," हे घाबरले. "अख्ख्या हॉस्पिटलने वाचलं आणि हिलाच माहीत नाही, हे तिला कळलं तर ती माझं तोंड बघणार नाही. तिला एक शब्द सांगशील तर माझी शपथ आहे तुला. पुढच्या शुक्रवारी मी आडव्यात घालतो."

"लिफ्टवाले बुधवारी हो म्हणणार, तुमचं कोडं शुक्रवारी येणार. निघून गेलेल्या लिफ्टसाठी बटण दाबत बसा."

पण शपथ घालून बसले ना. देवाला मानणाऱ्या बाईला शपथ घालणं म्हणजे आधीच बांधलेल्याला वर कुलूप लावणं. मी रात्रीच्या प्रार्थनेत देवाला विचारलं की एवढ्या हुशार माणसाच्या डोक्यात नेमकी ही एकच काच कशी बसवायची राहिली.

सोमवारी सकाळी मी तो पेपर वन्संच्या चहाच्या कपाखाली ठेवला, उभ्या शब्दांची बाजू वर करून.

"वन्सं, तुमचे उभे राहिलेत."

"ते दादाचे."

"दादा आता सोडवत नाही, तो घालतो."

"मग त्यानेच घातलेत तर त्याला येत असतील की."

"एकदा वाचून तर बघा."

"दुसऱ्याच्या ताटातलं कशाला?" म्हणाल्या, आणि कपाखालून पेपर काढून, घडी घालून बाजूला ठेवला. कपाचा ओला गोल 'बाक'च्या ओळीवर उमटला होता, तेवढाच.

संध्याकाळी त्या आल्या ते बोटाला चिंधी गुंडाळून. इतक्या वर्षांत वन्संना सुई लागलेली मी पाहिली नव्हती. चप्पल काढता काढता म्हणाल्या, "लिफ्टवाल्यांचा खिसा आज नुसता लोंबत होता. मी म्हटलं द्या, शिवते. तर म्हणाले, राहू द्या, आता फाटकाच बरा." जेवताना एकदम म्हणाल्या, "मी काही वाकडं बोलले का हो त्यांना कधी?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे ताटाकडे पाहत होते. अशा वेळी मात्र ताट बरोबर दिसतं.

मंगळवारी सकाळी मी नेहमीसारखी देवापुढे बसले. वन्सं त्याच खोलीत आरशापुढे वेणी घालत होत्या. एरवी मी मनातच बोलते. त्या दिवशी हात जोडले, डोळे मिटले आणि स्वच्छ मोठ्या आवाजात सुरुवात केली.

"देवा, मी कुणालाही काही सांगणार नाही. शपथ आहे. पण तुला सांगायला कुणी शपथ घातलेली नाही, म्हणून तुला सांगते. गेल्या शुक्रवारच्या कोड्यात उभ्या शब्दांतून एका भल्या माणसाने एका बाईला विचारलंय. ती बाई उभे शब्द वाचत नाही. तो रविवारी बागेतल्या बाकावर वाट बघत बसला, तिला पत्ताच नाही, आणि त्याला वाटतंय ती नाही म्हणाली. उद्या तो दुसऱ्या शहरात जायला हो म्हणणार आहे. मला ह्यात काही करता येत नाही, देवा, तुला काही करता आलं तर बघ. पेपर खिडकीत ठेवलाय."

मागे कंगव्याचा आवाज थांबला.

"वहिनी," वन्सं म्हणाल्या, "तुमच्या देवाला आज कमी ऐकू येतंय का?"

"रोज हळू बोलते तर कुठे ऐकतो? म्हटलं मोठ्याने बोलून बघावं."

डोळे उघडले तेव्हा त्या खिडकीशी उभ्या होत्या. वेणी अर्धी, हातात पेपर. उभ्या शब्दांवरून त्यांचं बोट खाली उतरत होतं. शेवटच्या ओळीपाशी थांबलं, परत पहिल्या ओळीवर गेलं.

"कपडेखाना तिसऱ्या मजल्यावर आहे," म्हणाल्या. "दादाने चौथा लिहिलाय."

"वन्सं, तुम्हाला एवढंच दिसलं?"

"नाही." पेपर खाली ठेवला. "तो खिसा ते स्वतः उसवतात. टाका ताणाने तुटला तर दोऱ्याचं टोक पिंजतं. हा कापलेला असायचा. मला पहिल्यापासून कळलं होतं. मी बघत होते, हा माणूस तोंड कधी उघडतो. खिसा उघडला, तोंड नाही. आणि शेवटी गेले कुणाकडे तर दादाकडे. तिसऱ्या मजल्यावर यायला काय झालं होतं? लिफ्ट तर त्यांचीच."

"अहो, भीती वाटली असेल."

"मला नसेल वाटत?" मग त्यांनी उरलेली वेणी अशी ओढून घातली की मलाच दुखलं. "आणि वाचलं कुणीकुणी?"

"मी कुणाला काही सांगितलेलं नाही."

"म्हणजे सगळ्यांनी."

एवढ्यात हे गालाला साबण लावलेले बाहेर आले. आम्हा दोघींकडे पाहिलं, पेपरकडे पाहिलं, आणि परत आत जायला वळले.

"दादा," वन्संनी हाक मारली. "ह्यापुढे मला काही विचारायचं असेल तर आडव्यात विचार."

"तू शपथ मोडलीस," हे मला म्हणाले.

"मी देवाशी बोलत होते. वन्संचे कान वाटेत आले."

"चला वहिनी," वन्संनी माझा दंड धरला. "मी एकटी गेले तर तिथे जत्रा जमेल. तुम्ही असलात की निदान कुणाकडे तरी बघता येईल."

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर लिफ्ट उघडी होती. लिफ्टवाले आत, बटणांची पाटी काढलेली, स्क्रू एका वाटीत, नाकावर ह्यांनी केलेला नवा चष्मा, डगल्याचा खिसा लोंबलेला. वन्सं येताना दिसल्या मात्र, त्या दोन नर्सना त्याच भिंतीवरच्या सूचना वाचायच्या आठवल्या. औषधवाला खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आला. पहारेकऱ्याने तर गेट वाऱ्यावर सोडलं.

वन्सं सरळ लिफ्टमधे शिरल्या. दंड धरलेला, त्यामुळे मीही.

"वर न्या," म्हणाल्या.

"बंद आहे," लिफ्टवाले म्हणाले. "पाटी काढलीय."

"मग दार तरी लावा."

त्यांनी हाताने दार ओढलं. आम्ही तिघं त्या पेटीत. मी छताकडे बघून जप सुरू केला.

"रविवारी मी आले नाही," वन्सं म्हणाल्या.

"हो."

"मला माहीतच नव्हतं. मी उभे वाचत नाही. आमच्याकडे उभे दादाचे आणि आडवे माझे, लहानपणापासून."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तुमचे दादा म्हणाले की…"

"दादाचं राहू द्या. तुम्हाला काय विचारायचंय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी जप करतेय. मला काही ऐकू येत नाही."

ते वाटीतले स्क्रू हलवत राहिले. मला तर वाटलं आता हे स्क्रू मोजूनच बाहेर पडणार आणि मी इथेच म्हातारी होणार. पण निघाला एकदाचा शब्द.

"उद्या कंपनीला… नाही म्हणू का?"

वन्संनी पदराची पिन काढली, पुढे झाल्या आणि तो लोंबता खिसा नीट जागेवर धरून पिनेने टाचला. मग म्हणाल्या, "म्हणा. पण एक आहे. ह्या वयात मी आडवे सोडणार नाही. उभे तुम्ही सोडवायचे."

"बरं," लिफ्टवाले म्हणाले.

दारापलीकडे कुणीतरी कुजबुजलं, "बरं म्हणाले, बरं म्हणाले," आणि दोन-तीन जणांनी श्वास सोडलेला स्पष्ट ऐकू आला. मी जप थांबवला. चुकला होताच, नाहीतरी.

लग्न साधंच झालं. वन्सं आता दोन गल्ल्या पलीकडे राहतात. खिसा तेव्हापासून उसवलेला नाही. मला वाटलं होतं ह्या घरातून निम्मं कोडं तरी गेलं, पण ती आशा फोल. शुक्रवारी दोघं पेपर घेऊन आमच्याकडेच येतात. वन्सं आडवे भरतात. लिफ्टवाल्यांना उभ्यातलं एक येत नाही. ते ह्यांच्याकडे बघतात, हे काही सांगत नाहीत, वन्सं म्हणतात "दादा, छळू नकोस त्यांना," हे म्हणतात "वाटणी म्हणजे वाटणी," आणि तिघांचा चहा मी करते. एकाने विचारलं नाही की वहिनी, तुम्ही बसता का.

काल मी भांडी घासत होते. हे टेबलाशी बसून पुढच्या शुक्रवारच्या ओळी वाचत होते. 'दोघांत एकच, आणि सकाळी ते कायम दुसऱ्याच्या अंगावर, चार अक्षरी.' मी म्हटलं, पांघरूण. खोडलं. 'बायको बोलताना नवऱ्याची ही हलते, लक्ष मात्र पेपरात, दोन अक्षरी.' मी म्हटलं, मान, आणि तुमची आत्ता हलतेय. तेही खोडलं.

मग घसा साफ केला.

"शपथ न मोडता निरोप पोचवते, तीन अक्षरी."

उत्तर ओळ संपायच्या आतच जिभेवर आलं होतं. म्हटलं असतं तर "फार सोपं" म्हणून खोडलं असतं.

मी नळ मोठा केला आणि भांडी विसळत राहिले.

"नाही येत?" ह्यांनी विचारलं.

"कुठे येतंय," मी म्हटलं.